महाराजांचा बिनवायरचा माऊस

ऐन लढाईत महाराजांचा माऊस मेला.

तोरणपूरचे सर्जेराव महाराज आणि शेजारच्या वाघोटीचे राजे यांनी हत्ती-घोड्यांची युद्धं कधीच सोडून दिली होती. चारा परवडत नव्हता. आता दोघे आपापल्या महालात बसून कॉम्प्युटरवर लढत, आणि जो हरेल तो एक गाव देई. त्या दिवशी महाराजांचा हत्ती वाघोटीच्या वेशीत सोंड उचलून उभा राहिला, तो राहिलाच. माऊसची बॅटरी संपली होती. महाराजांनी तो तीनदा चौरंगावर आपटला, तेव्हा त्याचं चाकही निखळलं. गाव गेलं.

"हा माऊस कोणी आणला?"

कोठावळा कोंडाजी पुढे झाला. महालात सुईपासून सिंहासनापर्यंत लागेल ते आणून ठेवणं हे त्याचं काम. वर्षभरात त्याने आणलेला हा सातवा माऊस.

"चार दिवसांनी पुन्हा लढाई आहे," महाराज म्हणाले. "त्याआधी मला चांगला माऊस हवा. बिनवायरचा. वायर माझ्या हातातल्या तोड्यात अडकते. एकदा चार्ज केला की तीन महिने चालला पाहिजे. आपटला तरी फुटता कामा नये. आणि आधी कोणी वापरून बघायचा नाही. उष्टी वस्तू मी हातात धरत नाही."

"पण महाराज, न वापरता तो टिकेल हे कळायचं कसं?"

"ते तू बघ. चुकलास तर डोकं भादरून, गाढवावर उलटा बसवून वेशीबाहेर."

कोंडाजी पेठेत गेला. झुंबरशेठ, नेमाशेठ आणि पोपटशेठ या तीन बड्या दुकानदारांनी त्याला एकेक खोकं दिलं आणि प्रत्येकाने आपलाच माऊस सर्वांत चांगला म्हणून शपथ घेतली. कोंडाजी घरी येऊन तीन खोकी मांडून बसला. सकाळी त्याने लाल पक्का केला. जेवताना निळा. हात धुताना त्याला वाटलं, काळ्यावर आपण अन्याय तर करत नाही ना?

त्याची लेक तुळसा शेजारी शेंगा सोलत होती.

"काय लिहिलंय हो बाबा त्यांच्यावर?"

"लाल शंभर दिवस चालतो. निळा एकशेवीस. काळ्यावर नुसतं 'अखंड' लिहिलंय. आणि लाल अंधारात सात रंगांनी चमकतो."

"लिहिलं कोणी?"

"बनवणाऱ्याने."

"आणि खरं आहे म्हणून सांगितलं कोणी?"

"विकणाऱ्याने."

"म्हणजे नवरीचं कौतुक आईने केलं आणि मामाने मान डोलावली."

"मग तूच निवड बाई. माझं डोकं चालेनासं झालंय, आणि तेच भादरायला निघालेत."

"मला माऊसमधलं काय कळतं? ज्यांना कळतं त्यांच्याकडूनच निवडून घेऊ."

"ते तर आपापलाच पुढे करतात!"

"करतील नाही तर काय. गाढवावर तुम्ही बसणार, ते नाही."

दुसऱ्या दिवशी ती महाराजांपुढे उभी राहिली. मागे कोंडाजी खांबाला धरून होता. तिने एवढंच मागितलं की शेठजींचा आपसांत सामना लावावा आणि अटी तिला ठरवू द्याव्यात. महाराजांना दुसऱ्यांच्या लढाया पाहायला फार आवडत. दुपारी पेठेत दवंडी फिरली:

"उद्या सकाळी झुंबरशेठ, नेमाशेठ आणि पोपटशेठ दरबारात खेळतील हो. ज्याने त्याने खेळायचा माऊस घरून आणावा. मध्ये चार्ज करायला मिळणार नाही, मग कितीही दिवस लागोत. ज्याचा माऊस आधी बंद पडेल किंवा मोडेल, त्याची मिशी तिथंच उतरवली जाईल हो!"

तिघांच्याही मिशा पंचक्रोशीत नावाजलेल्या होत्या. झुंबरशेठ तर आमटी पिताना आपली मिशी कानामागे बांधून ठेवत.

सकाळी दरबार भरला. न्हावी वस्तऱ्याला धार लावत बसला. कोंडाजीला वाटलं, हा आपल्याकडेच बघतोय.

"काढा शेठजी आपापले माऊस," तुळसा म्हणाली.

झुंबरशेठने कनवटीतून एक माऊस काढला. मळकट करडा, गुळाच्या ढेपेसारखा जाड, वरची अक्षरं झिजून गेलेली. नेमाशेठने पिशवीतून काढला, तोही तसलाच. पोपटशेठने धोतराच्या चिंधीत गुंडाळलेला सोडला. तोही तोच! लाल नाही, निळा नाही, काळा नाही.

"हा कोंडाजीला का नाही दाखवलात?" महाराजांनी विचारलं.

तिघांनीही आपापल्या मिशीवर हात ठेवला. न्हाव्याने वाटीत साबण घोटायला घेतला, तेव्हा झुंबरशेठला वाचा फुटली.

"महाराज, याच्यावर दुकान चालत नाही. ज्याने नेला तो परत येत नाही."

"माझं एक गिऱ्हाईक आलं होतं," पोपटशेठ म्हणाले. "चार वर्षांनी. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला."

"बॅटरी?"

"दिवाळीला चार्ज केला की शिमग्याला आठवण होते."

"आणि आपटला तर?"

"नातवाने माडीवरून टाकला होता," नेमाशेठ म्हणाले. "खालची फरशी बदलावी लागली."

"असा कोरा मिळेल?"

"आमच्या गोदामांत खोकीच्या खोकी पडून आहेत, महाराज. कोणाचं बोटही लागलेलं नाही. आम्ही लागूच देत नाही."

महाराज तुळसाकडे वळले. "पोरी, तू एकाही माऊसला हात लावला नाहीस. मग निवडलास कसा?"

"मी कुठे निवडला, महाराज? तीन मिशांनी एकमताने निवडला."

महाराज हसायला लागले ते थांबेचनात. पगडी घरंगळली, भालदार हसला, शेवटी न्हावीही हसला आणि त्याचा वस्तरा साबणात पडला. मिशा वाचल्या म्हणून तिन्ही शेठजी सगळ्यांत मोठ्याने हसले.

महाराजांनी कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा तुळसाच्या हाती दिला. आजपासून राजवाड्यात जे यायचं ते हिने निवडायचं! आणि कोंडाजीला शाल द्यायचं फर्मान काढलं.

"लाल देऊ की हिरवी?" कारभाऱ्याने विचारलं.

कोंडाजीने सुखाने डोळे मिटले आणि लेकीकडे बोट दाखवलं.