साखरेची चादर आणि ओलं फडकं

ऐका बाळांनो, आणि बाळांच्या आयांनो, तुम्हीही ऐका. साखर घरोघरी उखळात कुटायचे, त्या फार फार जुन्या काळातली ही गोष्ट.

डोंगरापलीकडच्या एका राज्यात एक गाव होतं. तिथली एक रीत होती. मूल वर्षाचं झालं की आईने रव्याचा मोठा गोड रोट भाजायचा आणि त्यावर साखरेची पांढरी चादर पसरायची. साखर घरचीच आणि हातही आईचाच. चादर अखंड निघाली की बायका बाळाची अलाबला घ्यायच्या. तडकली की हळूच म्हणायच्या, "चादरीला भेग, वर्षाला भेग."

त्या गावात सगुणा नावाची तरुण आई होती. तिचा भिवा उद्या वर्षाचा होणार होता. सगुणा मोठी मायाळू, पण जिवाला घोर फार. भिवा झोपला की श्वास चालतोय ना, म्हणून नाकाशी बोट धरायची. हसला की दृष्ट लागेल म्हणून काजळाचा टिळा लावायची. खांबाला धरून उभा राहिला की "पडशील रे राजा!" म्हणत उचलून कडेवर घ्यायची. भिवाला पाय होते, पण त्यांना काम नव्हतं.

सगुणाने साखर वस्त्रगाळ केली. त्यात डिंकाचं पाणी, बोटभर तूप, लिंबाचे चार थेंब घातले. मळून मळून लोण्यासारखा गोळा केला, परातीत ठेवला आणि वर ओलं फडकं टाकलं. आता दोन घटका तो नुसता मुरू द्यायचा.

पण तिला राहवेना. फडकं उचललं, बोटाने दाबलं, झाकलं. चार पावलं गेली, परत आली, परत उचललं. लाटायला बसली तर गोळ्याच्या कडा खडखडीत, आणि मधोमध ही एवढी भेग! दुसरा गोळा केला. त्याचंही तेच. तिसराही फुटला.

आता एकाच गोळ्यापुरती साखर उरली. सगुणाच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं.

तिची सासू दारात वाती वळत बसली होती. म्हणाली, "अगं, परातीवर नको रडूस. चादर खारट होईल."

"आत्याबाई, माझा हातच वाईट. माझ्या भिवाच्या वर्षाला..."

"हात गुणाचा आहे गं. त्याला चैन तेवढी नाही. किती वेळा फडकं उचललंस?"

"नुसतं बघायला उचललं. बिघडत नाही ना, म्हणून."

"तू बघतेस तेवढ्यात वारा शिरतो. वाऱ्याने साखर वाळते, वाळली की फुटते. बिघडेल म्हणून बघतेस आणि बघून बघून बिघडवतेस."

"आणि न बघता आतल्या आत बिघडलं तर?"

"तर दोघी मिळून खाऊ! पण आता झाक आणि माझ्याजवळ येऊन बस."

सगुणाने शेवटचा गोळा मळला, झाकला आणि सासूजवळ येऊन बसली. हात मांडीखाली दाबून धरले, तरी नजर परातीवरच.

तेवढ्यात रांगता रांगता भिवा खांबाशी पोचला. खांब धरून उभा राहिला. मग त्याने खांब सोडला.

"अगं बाई, पडेल!" सगुणा उठायला गेली. सासूने तिचा पदर घट्ट धरला. "बस."

भिवाने एक पाऊल टाकलं. डुलला. दुसरं टाकलं. धपकन बसला! पण भिवा रडला नाही. हात टेकून उठला आणि पावलं टाकत थेट परातीशी गेला. तिथे तोल सावरायला त्याने फडक्यावर तळहात टेकला आणि आईकडे बघून खुदकन हसला.

दोन घटका झाल्या. सगुणाने फडकं काढलं. गोळ्यावर भिवाची पाचही बोटं उमटली होती आणि भेग कुठेच नव्हती. असा मऊ गोळा तिच्या हातून कधी झाला नव्हता. तिने लाटला, रोटावर पसरला. चादर अखंड!

दुसऱ्या दिवशी गावच्या बायका जमल्या. भिवा आपल्या पायांनी रोटाशी चालत आला. बायकांनी त्याची अलाबला घेतली. एकीने विचारलं, "सगुणे, यात घातलंस तरी काय?"

"घातलं काहीच नाही, मावशी," सगुणा लाजून म्हणाली. "हात तेवढा काढून घेतला."

तात्पर्य : माया करावी, जपावं, पण सारखं उघडून बघू नये, झाकलेल्या साखरेला आणि वाढत्या लेकराला थोडा धीर द्यावा.