महाराजांच्या अंगरख्यावरचे दोन गोल

"नाव सांग, नाहीतर हलगी इथंच ठेव आणि राज्याबाहेर चालू लाग!" राजा दुर्गपाल गरजला.

समोर दवंडीवाली भिवरा उभी होती. गेल्या बाजारी तिनं चव्हाट्यावर पुकारलं होतं, "ऐका हो ऐका! सरकारी कोठाराचं छत गळतंय, जोंधळ्याला बुरशी लागलीय, तोच लोकांना वाटतायत!" राजानं कोठार उघडून पाहिलं, तर बातमी शंभर टक्के खरी! जोंधळा बदलला, छत शाकारलं. पण कोठाराचे प्रमुख निळोपंत राजाच्या कानाशी लागले होते, "महाराज, आतलं बाहेर सांगणारा घरभेदी कोण, ते आधी कळायला हवं!"

ज्यानं सांगितलं होतं तो कोठारातलाच माणूस होता, हे भिवराला ठाऊक होतं. नाव फुटलं असतं तर निळोपंतांनी त्याची चामडी लोळवली असती. भिवरानं चेहरा साळसूद ठेवला.

"सांगते की, महाराज! आठ दिवसांनी सांगते. पण नियम सगळ्यांना एकच हवा, आणि तो आजपासूनच. जो कोणी कोणाच्याही कानात काही सांगेल, अगदी आपल्यासुद्धा, त्याचं नाव आणि त्यानं काय सांगितलं ते मी चव्हाट्यावर पुकारणार."

"मंजूर!" राजा खूश झाला. "न्याय म्हणजे न्याय!"

दवंडी पिटली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी राजाचे हेर आलेच नाहीत. एकाचं डोकं दुखत होतं, एकाची म्हैस व्यायली होती, आणि तिसऱ्याकडे म्हैस नव्हती तरी तोही तिथंच गेला होता! आमटी खारट झाली, तर वाढपी म्हणाला, "वा! फर्मास!" राजा निमूटपणे तांब्याभर पाणी प्यायला.

चौथ्या दिवशी गंमत झाली. दसरा तोंडावर आलेला, त्यामुळे राजवाड्याला चुना देणं चाललं होतं. राजा रोजच्यासारखा अंगणातल्या ओट्यावर बसून पोपटाला डाळिंबाचे दाणे भरवत होता. ओटा ओला होता. राजा उठला तेव्हा त्याच्या काळ्या मखमली अंगरख्यावर, बसायच्या जागी, दोन पांढरेशुभ्र गोल उमटले होते!

तसाच तो दरबारात गेला. शेजारच्या राज्याचा वकील आला होता, त्याला राजानं पाठमोरं होऊन भिंतीवरच्या तलवारी एकेक करून दाखवल्या. वकिलानं शेला तोंडात कोंबला. निळोपंत छताकडे बघत राहिले. राणीसाहेबांना अचानक खोकला आला. आज सगळे किती आनंदात आहेत, असं राजाला वाटलं.

संध्याकाळी दरबार उठला, राजापाशी निळोपंत तेवढे उरले, तेव्हा भिवरा हलगी घेऊन हजर झाली. "महाराज, जरा आरशाकडे पाठ करा, आणि मान वळवून बघा."

राजानं बघितलं आणि तो किंचाळलाच. "हे कधीपासून?"

"सकाळपासून."

"अगं, दरबारात तीनशे माणसं होती! एकालाही तोंड नव्हतं?"

"तोंड होतं, महाराज, पण नाव पुकारून घ्यायची हौस कोणाला? आपली पाठ आपल्याला दिसत नाही, तसं राजाला त्याचं कोठार दिसत नाही. कोणीतरी सांगावं लागतं."

राजा खाली बसणार होता, पण ओल्या ओट्याची आठवण होऊन उभाच राहिला. मग त्याचे डोळे बारीक झाले. "थांब! तू तर दरबारात नव्हतीस. तुला कोणी सांगितलं?"

"नाव हवंय? आत्ता पुकारते!" भिवरानं हलगी खांद्याला अडकवली. "पण नियमाप्रमाणे त्यानं काय सांगितलं तेही पुकारावं लागेल. ऐका हो ऐका! महाराजांच्या बुडाला—"

"गप! गप! नको ते नाव!" राजानं दोन्ही हातांनी हलगी धरली. आणि मग त्याला जे हसू फुटलं, ते आवरेचना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "जिंकलीस, भिवरे! निळोपंत, लिहून घ्या! बातमी खोटी निघाली तर जाब भिवराला. खरी निघाली तर सांगणाऱ्याचं नाव कोणी विचारायचं नाही. मीसुद्धा नाही!"

निळोपंतांनी तोंड कडू करून लिहून घेतलं.

राजानं भिवराला चांदीच्या कड्यांची नवी हलगी दिली. वर तो मखमली अंगरखाही दिला. "घेऊन जा बाई, माझ्या डोळ्यांसमोर नको!"

भिवरानं त्याची हलगीला खोळ शिवली, पण ते दोन गोल काही धुतले नाहीत. बाजारात पोरं विचारायची, "भिवराआत्या, हे ठसे कोणाचे गं?"

भिवरा हलगीवर टिपरी मारून म्हणायची, "नाव सांगायचं नाही! सरकारी हुकूम आहे!"