देवीचा पदर किती लांब?

एका डोंगरी गावात एक शिक्षिका होती. ती मीच. या गोष्टीतील मूळ चूकही माझीच, म्हणून ती आधी सांगते.

देवीच्या ओवीत ‘पदराखाली साऱ्यांना ठाव’ असे शब्द होते. ‘पदर म्हणजे लुगड्याचे टोक’ एवढाच अर्थ मी तीस वर्षे मुलांकडून पाठ करून घेतला. ती मुले मोठी झाली आणि त्यांनी नियम केला: उत्सवाच्या दिवशी देवीचा पदर मंडपात ताणायचा, ज्या घराचा माणूस त्याखाली मावेल, तेच घर गावाचे आणि झऱ्याचे पाणी त्यालाच.

एका वर्षी दोन लेकरांसह टोपल्या विणणारी एक बाई गावात राहायला आली. उत्सवाला तीही मंडपात आली. पदराखाली आधीच दाटी झाली होती.

“कोपर आत घ्या हो.”

“आधी तुम्ही पोट आत घ्या.”

गुरव तिला म्हणाला, “पदर संपला, बाई. पुढच्या वर्षी या.”

“तोवर लेकरं काय पितील?” तिने विचारले. “पदर संपला, की देवी संपली, गुरवदादा?”

आपली जागा जाईल या धास्तीने जो तो पदर स्वतःकडे ओढू लागला. जुनेच कापड ते. मधोमध टरकन फाटले. गुरवाचा चेहरा उतरला. नियमाप्रमाणे आता सारा गावच पदराबाहेर होता.

मी पुढे झाले. “मी शिकवलेला अर्थ अपुरा होता. पदराखाली घेणे म्हणजे सांभाळणे. त्याचा कापडाशी संबंध नाही.”

“म्हणजे देवी खोटी का, बाई?” गुरवाने मला विचारले.

“देवी खरी. आपले मोजमाप खोटे.”

“मग पदर ताणायचाच नाही?”

“अवश्य ताणा. तो पाहून आठवा, की कोणाला सांभाळायचे राहिले आहे.”

त्याच मंडपात ठरले: टोपल्यावालीला आणि पुढे येईल त्या प्रत्येकाला झरा मोकळा. पहिला होकार गुरवाने दिला, दुसरा पाटलांनी. पाटलांच्या आईंना ते मुळीच पटले नाही. मात्र दुसऱ्या दिवशी त्या बाईची घागर त्यांनी अडवली नाही.

तात्पर्य इतकेच, की श्रद्धेचे शब्द मोजू लागलो तर माणसे बाहेर राहतात. त्यांचा अर्थ आचरला तर कोणीच बाहेर राहत नाही.