पुसाईनं थांबवलेली दुपार

फार फार वर्षांपूर्वी, घाटातून यवनांच्या मद्याचे रांजण वर चढत आणि बुद्धाचा धर्म खाली उतरे, त्या काळची ही गोष्ट.

कातळोशी गावाच्या ओढ्यापलीकडं, कड्यात एक लेणं होतं. पावसाळ्याचे चार महिने तिथं भिक्खू राहत. कुणी हातानं दिल्याशिवाय ते खात नसत आणि मध्यान्हीनंतर खात नसत. गावातली पुसाई नागाला पुजणारी. पण चार महिने भाकरी देईन, असा शब्द तिनं म्हाताऱ्या धमरखित भिक्खूला दिला होता.

एका वर्षी पुरात ओढ्यावरचा लाकडी साकव वाहून गेला. वरचा एक दोर तेवढा उरला. गावानं त्याला भाकरीचं गाठोडं अडकवून पलीकडं सरकवलं. तीन दिवस गाठोडी पोचली आणि तीन दिवस तशीच भिजत पडली. हातानं दिलेली नव्हती ना! दोराला हात नसतात हे आधी सांगायचं, असं मुखिया चिडून म्हणाला. चौथ्या दिवशी पलीकडून एक भिक्खू ओरडून सांगून गेला, की धमरखित आता उठत नाहीत.

पुसाईनं भाकरी पाठीला बांधली आणि दोराला लोंबकळली. मधोमध दोर तुटला. तेव्हा पुरातून नाग वर आला आणि त्यानं तिला पाठीवर घेतलं, असं म्हणतात. कुणी म्हणतं, ओंडका होता.

ती लेण्यात शिरली तेव्हा म्हाताऱ्यानं मान हलवली.

"पोरी, उशीर झाला. मध्यान्ह उलटली असेल."

"कशावरून?" पुसाई म्हणाली. "सावली दाखवा. मग जाते परत घेऊन."

बाहेर आभाळ गच्च भरलेलं. सावली कुठंच नव्हती. म्हातारा हसला आणि त्यानं पात्र पुढं केलं. ते रिकामं होईपर्यंत सूर्य ढगाआड थांबून राहिला, असं म्हणतात. मग ऊन पडलं, तेव्हा कुठं खांबाची सावली आखडत पायथ्याशी येत होती; मध्यान्ह अजून व्हायचीच होती.

पुढं भिक्खू गेले. जोगी आले, तेही गेले. आता लेण्यात शेंदूर लावलेली देवी आहे. तीच पुसाई, असं काही जण म्हणतात. खरंखोटं कोण सांगणार? पण श्रावणात रोज एक घर तिथं भाकरी नेतं. ती देवीपुढं ठेवत नाहीत. वाटसरू, गुराखी, जो भेटेल त्याच्या हातात देतात. आणि त्यानं किती वाजले म्हणून विचारलं, तर कातळोशीचा माणूस आभाळाकडं बघतो आणि म्हणतो, "जेवा तुम्ही. अजून वेळ आहे."