आंजर्ल्याला न गेलेल्या बाई

मिरजेच्या निवृत्त परिचारिका कुमुदिनीबाई सोनटक्के यांनी पासबुक भरून घेतलं आणि चष्मा पुसून शेवटची नोंद पुन्हा वाचली. अकरा नोव्हेंबरला कोकणात समुद्रकाठच्या आंजर्ल्याच्या कुठल्याशा सुट्टीच्या बंगल्याचं भाडं म्हणून खात्यातून अठरा हजार रुपये गेले होते. बाईंनी तर जन्मात समुद्र पाहिला नव्हता.

त्या तडक बँक मॅनेजर हुपरीकरांच्या केबिनमध्ये गेल्या. साहेबांनी कॉम्प्युटरवर नजर टाकली.

"दुपारी बारा वाजता तुमचं कार्ड तिथल्या मशीनवर वापरलंय. कार्ड हरवलं होतं का?"

"नाही, माझ्याजवळच आहे."

"मग तुम्हीच गेला असाल, आजी. वयोमानाने विसर पडतो. बँकेची नोंद खोटी नसते."

दारातले दोघे-तिघे हसले. बाईंनी शांतपणे पिशवीतून एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"ही पण बँकेचीच नोंद, साहेब. पेन्शनसाठी दिलेल्या माझ्या हयातीच्या दाखल्याची प्रत. अकरा नोव्हेंबर, दुपारी बारा. 'समक्ष हजर होत्या' असं लिहून खाली सही तुमचीच आहे. मी तेव्हा आंजर्ल्याला होते म्हणता, तर इथे तुम्ही जिवंत कोणाला ठरवलंत?"

हुपरीकरांनी स्वतःचीच सही दोनदा वाचली. मग खुर्ची पुढे सरकवत म्हणाले, "बसा, कुमुदिनीबाई. तुमची तक्रार मीच लिहून घेतो."

कोणीतरी कार्डाची नक्कल केली होती, असं चौकशीत निघालं. नवव्या दिवशी सगळे पैसे खात्यात परत आले आणि त्या रात्री बाईंना कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.