बायजाचा कट्टा

टेपाच्या वाडीत शिरताना हिरड्याखाली दोन सपाट दगड लागतात. हाच बायजाचा कट्टा. गवतकापणीत कुणाला गांधीलमाशी चावली, की त्याने इथे येऊन बसायचे आणि कुणीतरी एकाने हातातले काम टाकून त्याच्यासोबत बसायचे, हिरड्याची सावली एका दगडावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत. अशी इथली रीत आहे. ऐन हंगामात ती पाळताना माणूस मेटाकुटीला येतो, हे पाहुण्यांपासून कशाला लपवायचे?

असे सांगतात, की फार पूर्वी वाडीत ठकूबाई नावाची बाई होती. तिच्या हाताला गुण होता. मधमाशीची नांगी ती बांगडीच्या कडेने अलगद खरवडून काढी, जागा धुऊन वर गार पाण्याचे फडके ठेवी. एवढेच तिचे औषध. पण लोक असे, की मुंगी चावली तरी ठकूबाई, डास चावला तरी ठकूबाई. घरचे झाले थोडे, व्याह्याने धाडले घोडे, तशी शेजारच्या वाड्यांतूनही माणसे येत. पंचवीस वर्षांत तिने गरम भाकर कधी खाल्ली नाही म्हणे.

त्या वर्षी गवतात गांधीलमाश्यांनी कहर केला. सकाळपासून वाकून वाकून ठकूबाईच्या पाठीचा काटा ढिला झाला होता. तिची धाकटी बहीण बायजा याच वाडीत दिलेली. भर उन्हात तीही आली.

"आक्के, दोनच चावल्या गं. पर गळा आवळल्यावानी वाटतंय."

ठकूबाई दुसऱ्या कुणाच्या पायावर फडके पिळत होती. तिने मान वर केली नाही. रोज मरे त्याला कोण रडे!

"समद्यांनाच चावल्यात, बायजे. फडकं भिजव नि घरी जा."

बायजा निघाली. हिरड्याला टेकली, ती पुन्हा उठली नाही. भारे घेऊन येणाऱ्या बायकांना ती सापडली तेव्हा तोंड ओळखू येत नव्हते, इतके सुजले होते. ठकूबाई धावत आली. "म्या नुसतं बघितलं असतं, तरी दिसलं असतं," एवढेच ती बोलली.

तेरावा झाला आणि तिने अंगणातले औषध बंद केले. लोक चिडले. मग ती दारोदार फिरली.

"फडकं तुमच्या घरात हाय, पाणी हाय, बांगडी हाय. मी कशाला पायजे? पर दम लागला, तोंड सुजलं, तर डोलीत घाला अन् घाट उतरून वैद्याकडं पळा. त्ये कळाया कुणीतरी जवळ पायजे. त्येवढं बसा."

पुढे मरेपर्यंत ती स्वतः इथे येऊन बसत राहिली. दुसऱ्या दगडावरचा खळगा तिच्या बसण्याने पडला म्हणतात. खरे-खोटे देव जाणे, पण तिचे दुःख काही हलके झाले नाही.

आता कापणीच्या दिवसांत वाडीत डोलीऐवजी एक जीप तयार असते. सोबत बसणाऱ्याने विळा खाली ठेवायचा आणि अधूनमधून विचारायचे, "दम लागतोय का?" उत्तर बहुतेक वेळा "नाही" असेच येते, तेही वैतागून. तरी ते समोरच्याच्या तोंडाकडे बघूनच ऐकायचे असते.