बापूसाहेबांचा हवालदार

निवृत्त फौजदार बापूसाहेब शिंत्र्यांनी घरात रोबो आणला. तो केर काढायचा आणि फोन, रिमोट, घड्याळ घरात कुठेही असो, शोधून जागा सांगायचा. या माणसाने तो सुनेवर पाळत ठेवायला लावला, याला काय म्हणावं! नावही ठेवलं हवालदार. सून शर्वरी जरा आडवी झाली, की हवालदार तिच्या फोनमागे खोलीत शिरून ओरडायचा, "फोन बेडरूममध्ये आहे!" लगेच बाहेरून बापूसाहेबांचं खाकरणं सुरू.

एका रविवारी आम्ही शेजारी त्यांच्याकडे बसलो होतो.

"घरात कोण कुठे आहे, मला खुर्चीतून न उठता कळतं," बापूसाहेब मिशीवर हात फिरवत म्हणाले. "हवालदार, सूनबाईचा फोन?"

"स्वयंपाकघरात आहे."

"बघा! सूनबाई, सगळ्यांना चहा टाक गं!"

चहा येईना. त्यांनी पुन्हा हाक मारली, मग दरडावलं. हवालदार आपला तेच सांगत होता. शेवटी पुढचं दार उघडलं आणि शर्वरी बाहेरून आत आली. खांद्यावर पिशवी, केस ओले. पोहून आली होती.

"तू तर स्वयंपाकघरात होतीस!" बापूसाहेब गरजले. "चहा सांगून घसा बसला माझा!"

शर्वरीने शांतपणे चपला काढल्या.

"मी नाही, बाबा, माझा फोन होता. पहारा त्याच्यावर ठेवलात ना? मग चहाही त्यालाच करायला सांगा."

त्या दिवशी चहा बापूसाहेबांनी केला. साखरेचा डबा कुठे असतो, हे मात्र हवालदाराला सांगता येईना आणि फौजदारांना सापडेना.